बिडकीनच्या गाडीत आमचं काय असेल?

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


जेएसडब्ल्यूचा २७,२०० कोटींचा प्रकल्प, टोयोटा किर्लोस्करचा २०,००० कोटींचा, एथरचा २,००० कोटींचा. २०२४ साली अवघ्या काही आठवड्यांत ही तीन नावं छत्रपती संभाजीनगरच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीशी जोडली गेली. तिच्यातल्या बिडकीनची जमीन, विजेवर चालणाऱ्या गाड्या, हजारो नोकऱ्या असे मथळे आम्ही वाचले. पुंडलिकनगर ही कामगारांची, फिटरांची, छोट्या वर्कशॉपवाल्यांची वस्ती आहे. इथल्या घराघरातून कुणी ना कुणी चिकलठाण्याला, शेंद्र्याला नाहीतर वाळूजला ड्यूटीला जातं. मी स्वतः वाळूजला एक लहान मशीन शॉप चालवतो. दुचाकीच्या आणि रिक्षाच्या इंजिनात बसणारे टर्निंगचे जॉब आमच्याकडे होतात. त्यामुळे अशा बातम्या आम्ही बारकाईने वाचतो. किती कोटी आणि किती एकर हे त्यांत सापडतं. गाडीतला कोणता भाग कुठे बनणार, हे मात्र सापडत नाही. हे पत्र त्यासाठीच आहे, आणि ते खुलं ठेवतो आहे कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या वर्कशॉपचा नाही.

विजेच्या गाडीबद्दल बोलायचं तर चीनपासून सुरुवात करावी लागते. २०२३ मध्ये चीनने जपानला मागे टाकलं आणि जगात सर्वाधिक गाड्या निर्यात करणारा देश झाला. २०२४ मध्ये जगभरात विजेच्या सुमारे १ कोटी ७० लाख गाड्या विकल्या गेल्या. त्यात चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड गाड्याही धरल्या आहेत. त्यातल्या १ कोटी १० लाखांहून जास्त एकट्या चीनमध्ये गेल्या. बीवायडी ही कंपनी १९९५ साली शेन्झेनमध्ये बॅटरी बनवायला निघाली होती, मोटारीत ती २००३ ला उतरली, आणि २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या विक्रीत तिने टेस्लाला मागे टाकलं. सीएटीएल ही दुसरी चिनी कंपनी जगातल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पुरवते.

अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं आणि दार बंदच केलं. युरोपने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर १० टक्क्यांच्या मूळ शुल्कावर आणखी भार टाकला: बीवायडीवर १७ टक्के, जीलीवर १८.८, एसएआयसीवर ३५.३. बीवायडीने हंगेरीत आणि तुर्कस्तानात कारखान्यांची तयारी केली. ब्राझीलने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवलं, तर फोर्डने २०२१ मध्ये सोडलेल्या कामासारीच्या जागेत बीवायडी आली. आपल्या शेजारच्या नेपाळात तर नव्या प्रवासी गाड्यांत विजेच्या गाड्यांचा वाटा सत्तर टक्क्यांवर गेला आहे. तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतीय बनावटीच्या गाड्यांचं राज्य होतं, आज शोरूममध्ये चिनी नावं पुढे आहेत. अमेरिका सोडली तर या गाड्या जगभर पसरत जाणार, असं माझं स्पष्ट मत आहे. शुल्काने त्या थांबत नाहीत. बंदरातून यायच्या त्या तिथल्याच कारखान्यातून येऊ लागतात.

आपल्याकडे तर त्या दुसऱ्यांची नावं लावून आल्याच आहेत. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा तिथे विकायला ठेवलेली गाडी शांघायच्या कारखान्यात बनलेली होती. एमजी विंडसर ही देशात खूप खपणारी विजेची गाडी गुजरातेत हलोलला बनते, पण तिचा मूळ आराखडा चीनच्या वुलिंगचा. त्या कंपनीत एसएआयसीचा ४९ टक्के आणि जेएसडब्ल्यूचा ३५ टक्के वाटा आहे. पुण्यात पीएमपीच्या ताफ्यात २०१९ पासून धावणाऱ्या ओलेक्ट्राच्या विजेच्या बसमागे बीवायडीचं तंत्रज्ञान आहे. आणि बिडकीनमध्ये जेएसडब्ल्यू स्वतःच्या नावाची जी गाडी काढणार आहे, तिच्यासाठी चीनच्या चेरी कंपनीशी हात मिळवल्याच्या बातम्या अर्थविषयक वृत्तपत्रांत छापून आल्या आहेत. म्हणजे चिनी गाडी नको म्हणायची वेळ निघून गेली आहे. ती कोणत्या अटींवर हवी, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

महाराष्ट्राला या विषयाचा एक अनुभव आहे, आणि तो मंत्रालयातही कुणी विसरलं नसेल. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स घेणार, असं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारने त्यांच्याशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. आठवडाभरात तो करार थांबवला गेला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. परवानगी आलीच नाही आणि २०२२ मध्ये ग्रेट वॉलने नाद सोडला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन बंद पडलं, हजारावर कामगार रस्त्यावर आले आणि वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या.

जवानांच्या बलिदानानंतर करार थांबवणं योग्य होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू थायलंडमध्ये आहे, आणि तीही आपण पाहायला हवी. ग्रेट वॉलने त्याच २०२० मध्ये जनरल मोटर्सचा थायलंडमधला रायोंगचा कारखानाही विकत घेतला. विकणारा तोच आणि घेणाराही तोच. तिथे व्यवहार पुरा झाला, २०२१ च्या जूनमध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि २०२४ पासून तिथे विजेची गाडी बनू लागली. थायलंड सरकारने सवलती देताना एक साधी अट कागदावर आणली: २०२२ आणि २०२३ मध्ये जितक्या विजेच्या गाड्या तुम्ही बाहेरून आणाल, तितक्या २०२४ मध्ये इथे बनवा. उशीर केलात तर २०२५ मध्ये दर गाडीमागे दीड गाडी बनवा. आकडा ठरलेला, वर्ष ठरलेलं, चुकल्यास बोजा वाढणार हेही ठरलेलं.

तरीही थायलंडचं सगळं गोड झालं असं नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांनी डोळ्यांआड करू नये. चिनी कंपन्यांनी किमती इतक्या खाली आणल्या की जपानी कंपन्यांचं तिथलं बस्तान हललं. सुझुकीने आपला कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. अनेक चिनी कंपन्या आपले पुरवठादारही सोबत घेऊन आल्या, आणि तिथले जुने सुटे भाग बनवणारे कारखाने कामाविना बसले. नेटा नावाची चिनी कंपनी तर गाड्या विकून मोकळी झाली. चीनमधली तिची मूळ कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि थायलंडच्या गाडीमालकांना सुट्या भागांची चिंता लागली. चीनमध्ये गाड्या बनवण्याची क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आहे, आणि किमतींच्या लढाईत तिथल्या निम्म्या कंपन्या तरी टिकतील का याची मला शंका वाटते. आपण ज्यांना जमीन देतो आहोत त्यांच्यामागचा चिनी भागीदार दहा वर्षांनी असेल का, हे विचारून ठेवणं आपलं कर्तव्य आहे.

आता आमच्या शहराची गोष्ट. ती आपल्याला सांगणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण कोणत्या प्रकारच्या कारखान्याने गाव उभं राहतं आणि कोणत्या प्रकारच्या कारखान्याने ते तसंच राहतं, याची दोन्ही उदाहरणं एकाच शहरात, पंचवीस-तीस किलोमीटरच्या अंतरात उभी आहेत.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा. त्या कारखान्याला भाग लागायचे आणि ते इथेच बनवून घेतले गेले. त्याच १९८५ मध्ये अॅल्युमिनियमच्या डाय कास्टिंगपासून सुरू झालेली एंड्युरन्स आज इटली आणि जर्मनीत कारखाने चालवते. व्हॅरॉक इथूनच मोठी झाली. बडवे समूह इथलाच. या मोठ्या नावांच्या मागे शेकडो लहान नावं आहेत, ज्यांच्या पाट्यासुद्धा रस्त्यावरून दिसत नाहीत: कुणी बुश बनवतो, कुणी बफिंग करतो, कुणी प्लेटिंग, कुणी फक्त जिग आणि फिक्श्चर. गंगापूरच्या, पैठणच्या, कन्नडच्या, जालन्याच्या शेतकऱ्यांची मुलं आयटीआय करून या शॉपमध्ये लागली, लेथवर हात बसला, मग स्वतःचं मशीन घेतलं, कर्ज फेडलं, दुसरं मशीन घेतलं. गारखेड्यापासून पुंडलिकनगरापर्यंतच्या कित्येक घरांचे मजले या सुट्या भागांवर चढले आहेत. मराठवाड्यात पाऊस हमखास नाही, पण वाळूजची शिफ्ट हमखास होती.

शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली. पुढे त्याच आवारात ऑडीही जोडली जाऊ लागली. शहराला त्याचा अभिमान होता आणि आहे. तिथे काम केलेल्या माणसांनी युरोपीय शिस्त शिकली, हे मी मान्य करतो. पण ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब बाहेरून आलेल्या भागांतून जोडल्या जायच्या. संख्या कमी, त्यामुळे इथे भाग बनवून घेणं त्यांना परवडत नव्हतं, यात कुणाचा दोष काढण्यासारखं नाही. मोठ्या संख्येचं काम स्कोडाच्या मूळ समूहाने २००९ मध्ये चाकणला नेलं. परिणाम असा की वीस वर्षांहून अधिक काळ गाड्या बनूनही स्कोडामुळे शेंद्र्याभोवती दुसरं वाळूज उभं राहिलं नाही. जोडणीचा कारखाना आणि बनवण्याचा कारखाना बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींना कुंपण, दोन्हींना गेट, दोन्हींच्या उद्घाटनाला मंत्री. फरक पाच-दहा वर्षांनी, आजूबाजूच्या शेडमध्ये दिसतो.

बिडकीनला यातलं कोणतं येणार आहे?

विजेच्या गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही. आमचं निम्मं शहर जे बनवतं ते तिला लागत नाही. तिला लागतं ते सेल, मोटार, मॅग्नेट, कंट्रोलर, तांब्याची वाइंडिंग, थंडाव्यासाठी अॅल्युमिनियमची केसिंग. यातलं शेवटचं आम्ही उद्यापासून करू शकतो, वाइंडिंग शिकून वर्षभरात करू. पण सेल आणि मॅग्नेट यांची नाडी चीनच्या हातात आहे. पुण्यात टाटा ऑटोकॉम्पने २०१८ मध्ये भागीदारी केली ती चीनच्या गोशन या बॅटरी कंपनीशी, आणि देशातल्या विजेच्या गाड्यांचे सेल आजही बहुतेक बाहेरूनच येतात. केंद्राने सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, ५० गिगावॉट-तासांचं लक्ष्य ठेवलं, पण उभं राहिलं ते त्याच्या मानाने फार थोडं.

मॅग्नेटचं काय होतं ते तर २०२५ मध्ये सगळ्यांनीच अनुभवलं. चीनने ४ एप्रिलला सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवान्याची अट घातली. असे जगातले सुमारे नव्वद टक्के मॅग्नेट चीनमध्ये बनतात. जुलै-ऑगस्टपर्यंत बजाजच्या चेतक या विजेच्या स्कूटरचं उत्पादन कमी करायची पाळी आली. मुठीत मावेल एवढा तुकडा मिळाला नाही म्हणून लाखाची स्कूटर अडली. त्याच जुलैमध्ये चीनने बॅटरीच्या कॅथोडचं काही तंत्रज्ञान परदेशी द्यायलाही निर्बंध घातले. म्हणजे उद्या बिडकीनच्या करारात तंत्रज्ञान मिळेल असं लिहिलं असलं, तरी ते देण्याची परवानगी शेवटी बीजिंगच्या हातात आहे. करार करताना ही गोष्ट गृहीत धरली आहे का, हे जनतेला कळलं पाहिजे.

चीन स्वतः हे सगळं कसं शिकला, तेही बघण्यासारखं आहे. १९८४ मध्ये फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारी केली तेव्हा चीनमध्ये धड सुटे भागही बनत नव्हते. सरकारने परदेशी कंपनीला निम्म्यापेक्षा जास्त हिस्सा घेऊ दिला नाही, आणि तिच्या सांताना या गाडीचे भाग वर्षागणिक देशात बनवण्याचा तगादा लावला. ही हिश्शाची मर्यादा विजेच्या गाड्यांसाठी २०१८ मध्ये उठवली, मग टेस्ला आली, आणि काही वर्षांत शांघायच्या टेस्लाचे बहुतेक सगळे भाग चिनी पुरवठादार देऊ लागले. तेच पुरवठादार पुढे चिनी कंपन्यांचे झाले. आज जी ताकद आपल्याला भीतीदायक वाटते, ती त्यांनी परक्या कारखान्यांच्या आजूबाजूच्या शेडमध्ये जमवली. वाळूजला आम्ही जे दुचाकीत केलं, तेच त्यांनी मोटारीत केलं. म्हणून मला चीनच्या भीतीपेक्षा आपल्या कराराच्या कागदाची काळजी जास्त वाटते.

महोदय, आपण या मोठ्या प्रकल्पांना सामूहिक प्रोत्साहन योजनेतून आणि विशेष पॅकेजमधून सवलती देता. तो पैसा आमच्याही करातला आहे. त्या बदल्यात कंपनीकडून गुंतवणुकीचा आणि नोकऱ्यांचा आकडा घेतला जातो. माझी मागणी आहे की त्यासोबत भागांचं वेळापत्रकही घ्यावं आणि ते जाहीर करावं. पहिल्या वर्षी मोटारीची केसिंग आणि हार्नेस, तिसऱ्या वर्षी वाइंडिंग आणि कंट्रोलरची जुळणी, पाचव्या वर्षी सेल, असं काहीतरी ठरलेलं. केंद्राच्या वाहनउद्योग प्रोत्साहन योजनेत देशांतर्गत मूल्य किमान ५० टक्के हवं अशी अट आहे, ती चांगली आहे. पण नुसती टक्केवारी फसवी असते. पत्रा, काच, सीट, टायर आणि जोडणी धरून टक्केवारी भरते, आणि गाडीचा प्राण बाहेरचाच राहतो. थायलंडसारखं वर्ष आणि दंड कागदावर हवेत.

दुसरं, मॅग्नेट. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली आहे, वर्षाला ६,००० टन मॅग्नेट देशात बनवण्यासाठी. यातला एक कारखाना ऑरिकमध्ये यावा म्हणून राज्याने काय प्रयत्न केले? मोटार बनवणारे इथे येणार, रिक्षा आणि दुचाकी इथे बनणार, मग मॅग्नेट दुसऱ्या राज्यातून का यावं? २०२३ मध्ये भारत विजेच्या तीनचाकींची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ झाला, चीनलाही मागे टाकून. बजाजच्या रिक्षा तर आमच्या वाळूजच्याच. मोटारीत आपण मागे असू, तीनचाकीत आपण जगात पुढे आहोत, आणि त्या तीनचाकीचं मॅग्नेट मराठवाड्यात बनलं तर ती दिल्लीला आणि आफ्रिकेलाही जाईल.

तिसरं, शिकणं. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. दोन्ही ठिकाणी आमच्यासारखे जाऊन काम करून घेतात, मुलं शिकतात. तिथे मोटारीच्या चाचणीचा बेंच, बॅटरी पॅकच्या सुरक्षेची चाचणी आणि कंट्रोलर दुरुस्तीचं प्रशिक्षण सुरू करायला नवी इमारतसुद्धा लागणार नाही. आज एखाद्या लहान शॉपने मोटारीचा नमुना बनवला तर तपासणीला पुण्याला जावं लागतं, तारीख मिळेपर्यंत ऑर्डर दुसऱ्याला गेलेली असते. गाडी चीनच्या आराखड्याची असो वा जपानच्या, तिच्या भागाची चाचणी इथे झाली तर तो भाग इथे बनण्याची शक्यता निर्माण होते.

आणि पैसे. चीनमध्ये किमतींच्या लढाईत कंपन्यांनी पुरवठादारांची बिलं महिनोन्महिने थकवली. शेवटी सरकारचा दबाव आला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या प्रमुख कंपन्यांनी साठ दिवसांत पैसे देण्याचं जाहीर वचन दिलं. आपल्याकडे लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. प्रत्यक्षात नव्वद दिवस, कधी एकशेवीस. कायद्याची आठवण करून दिली की पुढचं शेड्यूल येत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. नव्या मशीनसाठी कर्ज घ्यायचं, विजेच्या गाडीचं काम शिकायचं, आणि बिल चार महिन्यांनी मिळायचं, यात लहान शॉप पहिल्याच वर्षी बुडेल. ज्या कंपनीला राज्य सवलत देतं तिने आपल्या पुरवठादारांना ४५ दिवसांत पैसे दिल्याचा दाखला दर तिमाहीला द्यावा, आणि तो दिल्याशिवाय सवलतीचा हप्ता सुटू नये. राज्याच्या तिजोरीवर या अटीचा एक रुपया बोजा नाही.

ब्राझीलमधली एक गोष्ट इथे सांगायला हवी. कामासारीत बीवायडीच्या कारखान्याचं बांधकाम चालू असताना डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी १६३ चिनी कामगारांची सुटका केली. ठेकेदाराने त्यांना गुलामीसारख्या स्थितीत ठेवलं होतं, असं त्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. तिथे कामगार तपासनीस आत गेले म्हणून हे उघड झालं. बिडकीनमध्ये बांधकाम चालेल तेव्हा आपले कामगार अधिकारी गेटच्या आत जातील, बिहारचा मजूर असो की बीडचा, त्याची राहण्याची जागा, पाणी आणि मजुरी तपासतील, अशी खात्री आपण आताच द्यावी. ज्यांच्या जमिनी ऑरिकमध्ये गेल्या त्यांची मुलं त्या कारखान्यात कायमची लागतात की ठेकेदाराच्या हजेरीपटावर, याचाही आकडा दरवर्षी छापावा.

आपल्या विभागाने ऑरिक हॉलमध्ये एक दिवस द्यावा. एका बाजूला जेएसडब्ल्यू, टोयोटा किर्लोस्कर आणि एथरचे खरेदी अधिकारी, दुसऱ्या बाजूला वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याचे लहान उद्योजक, मध्ये आपण. त्यांनी पुढच्या पाच वर्षांत कोणते भाग बाहेरून घ्यायचे आहेत त्याची यादी टेबलावर ठेवावी. आम्ही आमच्या मशीनची, क्षमतेची आणि आजवरच्या रिजेक्शनच्या टक्केवारीची यादी ठेवू. जिथे आम्ही कमी पडतो तिथे काय लागेल ते तिथेच लिहून घ्यावं. तारीख आपण कळवा, वर्कशॉप एक दिवस बंद ठेवून आम्ही येऊ.

आपला,
सुटे भाग बनवणारा एक लघुउद्योजक
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर